पोवळ्याच्या विषामागे

नागपूरहून कोल्हापूरला निघाले तेव्हा घरच्यांनी चपला आणायला सांगितलं, शेजारणीने गूळ सांगितला आणि कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी अंबाबाईला नमस्कार सांगितला. मी कशाला चाललेय हे फारसं कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. मी चालले होते पोवळ्याचं विष आणायला.

पोवळा हा नागाच्या घराण्यातला साप. हातभर लांब, पेन्सिलीएवढा जाड, डोकं काळं, पाठ मातकट आणि पोट पोवळ्यासारखं लालकेशरी. लोक त्याला पुष्कळदा वाळा, म्हणजे गांडुळासारखा बिनविषारी साप, समजून सोडून देतात. दगडाखाली, पालापाचोळ्यात राहतो, आपल्याहून बारीक साप खातो आणि माणसाच्या वाटेला जात नाही. तोंड इतकं लहान की चावायचं म्हटलं तरी बोटाची कड तेवढी सापडायची. त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. माझं आहे, कारण मी जीवरसायनशास्त्र शिकवते आणि सापांच्या विषातली प्रथिनं हाच माझा विषय आहे. नागाचं आणि मण्यारीचं विष आमच्या प्रयोगशाळेत भुकटीच्या रूपात बाटलीत असतं. पोवळ्याचं विष मी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

थोडं रसायनशास्त्र सांगते, घाबरू नका. विष हा काही एकच पदार्थ नव्हे, अनेक प्रथिनांचा तो रस्सा असतो. नागाच्या घराण्यात त्यातल्या दोन जाती मुख्य. पहिलीला आम्ही तीन बोटांची प्रथिनं म्हणतो. एक लहानशी साखळी, गंधकाच्या टाक्यांनी मधोमध आवळलेली, आणि तिची तीन वेटोळी बोटांसारखी बाहेर आलेली. मज्जातंतूचा निरोप स्नायूला जिथे मिळतो, नेमकी तिथे ही बोटं जाऊन बसतात. कुलपाच्या भोकात काडी मोडून बसावी तसं होतं. किल्ली असते, कुलूपही असतं, पण उघडत नाही. आधी पापण्या मिटायला लागतात, मग गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. दुसरी जात विकरांची, म्हणजे एन्झाइमांची. ती पेशीच्या आवरणातली चरबी कापते, आणि मण्यारीच्या विषात ती मज्जातंतूची टोकंच निकामी करते, म्हणजे निरोप निघतच नाही.

पोवळ्यात यातलं काय, किती? अमेरिकेतल्या पोवळ्यांवर बरंच काम झालंय, आणि तिथे काही सापांत पहिली जात भरलेली सापडते तर काहींत दुसरी. आपल्या पोवळ्याचा पूर्वेकडच्या देशांत एक निळा भाऊबंद आहे, त्याचं विष तर स्नायू सैल करण्याऐवजी ताठ करतं. म्हणजे भावकीवरून अंदाज बांधायची सोय नाही. आपल्याकडे दवाखान्यात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं असतं. पोवळ्याला त्यात जागा नाही.

मंगळवार पेठ

कोल्हापुरात माझे यजमान होते विलास. दिवसा शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, उरलेल्या वेळी सर्पमित्र. लोकांच्या घरात निघालेले साप धरायचे आणि रानात सोडायचे, हा त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा उद्योग. आमची ओळख फोनवरची. वन खात्याकडून विष काढायची परवानगी मी मिळवली होती, साप दाखवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं, आणि त्यासाठी रजाही काढली होती.

मंगळवार पेठेतलं त्यांचं घर लहान आणि माणसांनी भरलेलं. दारात पाऊल ठेवलं तर पलीकडच्या गॅलरीतून एका बाईने खणखणीत आवाजात विचारलं, "विलास, ह्याच व्हय त्या सापवाल्या?" मी वर बघून हसले. नागपुरात आम्ही पाहुण्याबद्दल त्याच्या पाठीमागे बोलतो, इथे तोंडावर बोलून मोकळे होतात. दोन दिवसांत मला ती पद्धत आवडायला लागली.

दुपारी विलास मला खानावळीत घेऊन गेले. ते स्वतः लिंगायत, शाकाहारी. तरीही माझ्यापुढे मटणाचं ताट आलं आणि ते समोर नुसतं ताक घेऊन परीक्षकासारखे बसले.

"म्याडम, पांढरा आदी प्या. तांबडा मागनं."

"तुम्ही खात नाही, मग तुम्हाला काय माहीत?"

"खात न्हाय, पर पावण्यांना चारून चारून सगळं म्हाईत झालंय की."

आम्ही सावजी खाऊन वाढलेली माणसं, त्यामुळे तिखटाला घाबरायचं कारण नव्हतं. पण आमचं तिखट पोटात गेल्यावर बोलतं, इथलं जिभेवरच बोलायला लागतं. मी नाक पुसलं. विलास समाधानाने हसले आणि ताकाचा दुसरा ग्लास मागवला.

तेवढ्यात त्यांच्या दाजींचा फोन आला. विलासची थोरली बहीण गडहिंग्लजच्या पुढे, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या एका गावात दिलेली. तिला सगळे अक्का म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला, तो विलासचा दाजी असला तरी, सगळा गाव अण्णा म्हणतो. अण्णांचा मिरचीचा व्यापार. अवकाळीचे शिंतोडे पडून गेले तेव्हापासून त्यांच्या गोदामामागच्या विटांच्या ढिगात लाल पोटाचा बारीक साप एकदोनदा दिसला होता. विलासनी फोन माझ्या हातात दिला.

"बाई, साप तुमाला पायजे नव्हं?" पलीकडून आवाज आला. "मिळाला म्हणून समजा. आमच्याकडनं पावणं रिकाम्या हातानं गेलं तर काय राह्यलं आमचं?"

"अण्णा, फक्त नजर ठेवा. हात अजिबात लावू नका."

"हात कशाला लावतोय? तुमी या तर."

हात लावू नका हे मी हसत हसत सांगितलं होतं, तेवढ्याच हसत त्यांनी ऐकलं. कोल्हापूरकर पाहुण्याला काय काय देऊ शकतो, याचा मला तोवर अंदाज आला नव्हता.

आजऱ्याचं रान

दुसऱ्या दिवशी अण्णांकडे जायच्या आधी विलासना आजऱ्याकडचं एक ठिकाण बघायचं होतं. तिथे त्यांना पूर्वी पोवळा सापडला होता. वन खात्याचे एक वनरक्षक आमच्याबरोबर. दिवसभर आम्ही दगड उलटत होतो. रान सुंदर होतं, पण मी ते फारसं पाहिलं नाही, कारण मान सतत खाली. एक वाळा मिळाला, विंचू मिळाले, एक हिरवा चापडा साप बांबूवर झोपलेला मिळाला. पोवळा नाही. चहा प्यायला मी एका ओंडक्यावर बसले तर तिथे मुंग्यांचं बिऱ्हाड निघालं, आणि पुढचा अर्धा तास दोन पुरुषांकडे पाठ करून साडी झटकत उभी राहिले.

माझ्या पिशवीत केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या होत्या. नागाला बाटलीच्या तोंडावर ताणलेल्या पडद्यावर चावायला लावतात. पोवळ्याचा दात इतका लहान की ती नळी दातावर टोपीसारखी चढवावी लागते, आणि मग जे काही येतं ते डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकं असतं. पण हल्लीच्या यंत्रांना तेवढंही पुरतं. एवढ्याशा ओलीवरून त्यात कोणती प्रथिनं आहेत, तीन बोटांची किती आणि विकरं किती, हे सांगता येतं. मी हे विलासना समजावत होते. ते म्हणाले, "म्हंजे थेंबभरबी नको. मग मिळंल की."

संध्याकाळी नळ्या कोऱ्याच परत गेल्या.

गडहिंग्लजच्या पुढे

तिसऱ्या दिवशी सकाळी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे वळणारे ट्रक मागे टाकून आम्ही निपाणीच्या बाजूने निघालो. या रस्त्यावर महाराष्ट्र संपतो, कर्नाटक लागतो, थोड्या वेळाने परत महाराष्ट्र येतो. पाट्यांची लिपी तेवढी बदलते, ऊस आणि माणसं तीच राहतात. गाव जवळ आलं तेव्हा विलासचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाजींना चावला."

काय झालं होतं ते आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. सकाळी अण्णा गोदामामागे गेले. विटांपाशी साप दिसला. बाई आजच येणार, साप ढिगात शिरला तर परत निघेल न निघेल, म्हणून त्यांनी अक्कांच्या लोणच्याची रिकामी बरणी घेतली आणि साप हाताने उचलून तिच्यात घालायला गेले. माझ्यासाठी. सापाने करंगळीच्या कडेला धरलं आणि चावत राहिला. गड्यांनी तो सोडवला आणि ठेचला. मारलेला साप उघड्यावर टाकायचा नाही अशी तिकडे रीत आहे. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा परसात गोवऱ्यांवर त्याचं दहन चाललं होतं, आणि एक म्हातारी वरून तूप सोडत होती.

अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. पन्नाशी ओलांडलेले, धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे. भोवती अर्धा गाव. अक्का त्यांच्यासमोर वाळलेल्या मिरच्यांनी भरलेलं सूप घेऊन उभ्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, पदर खोचलेला, डोळे कोरडे. साप चावलेल्या माणसाला मिरची खायला देतात. तिखट लागली तर विष चढलं नाही, लागली नाही तर चढलं. आमच्या विदर्भात हाच खेळ कडुलिंबाच्या पाल्यावर चालतो.

"कशी लागत्या?" अक्कांनी विचारलं.

अण्णांनी आख्खी मिरची चावली, गिळली, आणि म्हणाले, "कुठं तिखट हाय? कायच न्हाय."

बायका रडायला लागल्या. अक्कांनी दुसरी दिली. "आता?"

"न्हाय."

"आण्णा, नीट सांगा की!" गर्दीतून एक गडी म्हणाला.

"न्हाय म्हंतो नव्हं? मातीगत लागत्या."

मी पुढे होऊन ते सूप बाजूला ढकललं. पाहुण्या बाईने असं करणं शोभत नव्हतं, पण मला राग आला होता. तिखट जिभेला कळतं ते अगदी वेगळ्या प्रथिनांमुळे, सापाच्या विषाचा त्यांच्याशी संबंध नाही. उलट विषाने घसा सैल झालेला असता तर मिरचीचा तुकडा श्वासनलिकेत जाऊन माणूस तिथेच गेला असता. हे सगळं मी मोठ्याने सांगितलं. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. विलासनी बाकी काही न विचारता दाजींना उचलून गाडीत घातलं, हात फळीला बांधला, आणि आम्ही तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालो. अक्का मागे त्यांच्या शेजारी, मी पुढे.

गाव मागे पडल्यावर अण्णांनी विलासच्या खांद्यावर हात ठेवला.

"इल्या, तिखट हुती रे. लई हुती. पाक जाळ झालाय तोंडाचा."

"मग न्हाय का म्हंटलासा?"

"रामू बसलेला की समोर. त्याचाच माल त्यो. आठ दिस झालं म्या त्याला सांगतोय, तुझ्या मिरचीला तिखटपणा न्हाय, भाव कमी कर. आन् आता चारचौघांत त्याच्यासमोर तिखट हाय म्हणू?"

विलास हसले नाहीत. मला मात्र हसू आवरेना आणि त्याच वेळी रडूही येत होतं. अक्कांना नवऱ्याचं बोलणं पटलं नाही. आपल्याला धीर द्यायला म्हणतोय, असं त्यांना वाटलं. "ह्यांच्या जिभंचं काय खरं न्हाय आता," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याचं मनगट पुन्हा घट्ट धरलं.

दवाखान्यात

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या आणि बोलायला शांत. रामू मोटारसायकलवरून आमच्या मागोमाग आला होता. अण्णांवर त्याचा जीव असावा, मिरचीच्या भावाचं भांडण काही का असेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, साप कुठला?

"मण्यार," रामू म्हणाला. "आंगावर पट्टे हुते. म्या बघितलं."

मण्यारीचा दंश फार दुखत नाही, सूजही नसते, माणूस तासन्‌तास धड दिसतो आणि मग एकदम श्वास थांबतो. तिथे प्रतिविष वेळेवर हवं. पोवळा असेल तर तेच प्रतिविष बहुधा उपयोगाचं नाही. ते घोड्याच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचं असतं. प्रतिपिंड प्रथिनाचा आकार ओळखतात, आणि न पाहिलेल्या आकाराला ते धरतीलच असं नाही. शिवाय घोड्याचं प्रथिन काहींच्या अंगावर असं उलटतं की त्यानेच जीव धोक्यात येतो. साप समोर असता तर मी बघता क्षणी सांगितलं असतं. साप तर परसात राख होऊन पडला होता.

"अण्णा," मी म्हणाले, "तुम्ही हातात धरला होता. काय काय दिसलं ते सांगा."

"आंगावर पट्टे न्हवतं. शेपटीला काळी वाळी हुती, दोन. आन् म्या धरल्यावर त्यानं शेपूट वर करून गुंडाळलं. खालनं निळसर दिसत हुतं."

पोवळा घाबरला की नेमकं हेच करतो. शेपटीची खालची निळसर बाजू वर करून दाखवतो. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ टाळी वाजवली. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेने मी जागच्या जागी वठणीवर आले.

"मला वाटतं पोवळाच," मी डॉक्टरांना म्हणाले.

"पोवळ्याचं विष माणसाला काय करतं?"

"थोडी सूज, जळजळ, खाज, असं काही जणांनी नोंदवलंय."

"श्वास थांबतो का?"

आयुष्यभर ज्या विषयावर बोलले, त्यातला हा सर्वांत साधा प्रश्न होता. पुस्तकातली उत्तरं डोक्यात होती, अमेरिकेतली, पूर्वेकडची, नागाची, मण्यारीची. समोर बसलेल्या माणसासाठी त्यातलं एकही खात्रीचं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"ठावं न्हाय?" अक्कांचा आवाज वॉर्डभर घुमला. "इतक्या लांबनं आलासा. तुमच्यापायी ह्यांनी त्याला हात घातला. आन् तुमालाच ठावं न्हाय?"

"अक्का, गप की," विलास म्हणाले.

"का गप? इंजेक्शन हाय ना हितं? मग द्या म्हणावं की! वाट कशाची बघायल्यासा?"

त्यांचं खरंच होतं. डॉक्टरांनी अक्कांना खाली बसवलं आणि स्वतः समोर बसून सांगितलं, की इंजेक्शन भरून तयार ठेवते, पापणी जरा जरी पडली तरी देते, कोल्हापूरला न्यायला गाडीही दारात उभी ठेवते. पण विषाची खूण दिसेपर्यंत ते टोचणं धोक्याचं आहे. निर्णय डॉक्टरांचा होता. मी त्याला मान डोलावली, आणि तो चुकला तर माझ्याही मानेवर येणार, हे मला चांगलं कळत होतं.

मग पहारा सुरू झाला. काचेच्या नळीत रक्त ठेवून ते गोठतं का पाहिलं. गोठलं, म्हणजे घोणस-फुरसं नव्हतं. डॉक्टर बोट वर धरायच्या आणि अण्णांना डोळे न मिटता त्याच्याकडे बघायला लावायच्या. शिवाय एक साधी परीक्षा होती. खोल श्वास घ्यायचा आणि एका दमात जितके आकडे म्हणता येतील तितके म्हणायचे. श्वासाचे स्नायू थकायला लागले की आकडे कमी होतात. अण्णा कन्नडमध्ये मोजायचे, "ओंदु, यरडु, मूरु, नाल्कु", बाजारात पोती मोजावीत तशा ठसक्यात. पहिल्या खेपेला ते तिशीच्याही पुढे गेले आणि आजूबाजूच्या खाटांवरच्या लोकांकडे बघून त्यांनी मिशीवर हात फिरवला.

करंगळी सुजली होती, लाल होती, खाजत होती. बाकी काही नाही.

दुपारी विलास अण्णांच्या घरून डबा घेऊन आले. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही. अक्कांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. तरी डबा उघडल्यावर पहिली भाकरी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी नको म्हणाले. "पावणं उपाशी ठेवायची पद्धत न्हाय आमच्यात," असं म्हणून त्या तोंड फिरवून बसल्या. आमच्याकडे राग आला की आधी चहा बंद होतो. ती भाकरी मी खाल्ली. सगळी खाल्ली. अण्णांना पाणी नीट गिळता येतंय हे बघून डॉक्टरांनी त्यांनाही थोडी भाकरी खाऊ दिली.

त्यानंतरच्या मोजणीला अण्णा अर्ध्यात थांबले.

"परत म्हणा," डॉक्टर म्हणाल्या.

ते परत अडले. या वेळी आणखी आधी. डॉक्टरांनी नर्सला खूण केली, इंजेक्शनचा ट्रे आला, बाहेर ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी अण्णांच्या पापण्यांकडे बघत होते. त्या पडल्या होत्या की नव्हत्या, मला ठरवता येईना. तीन बोटांचं प्रथिन कुठे जाऊन बसतं याचं चित्र मी फळ्यावर हजार वेळा काढलेलं आहे. ते एखाद्याच्या डोळ्यांत शोधायची वेळ माझ्यावर कधी आलेली नव्हती. हा माणूस माझ्या नळीसाठी मरतोय, एवढंच तेव्हा मनात होतं.

तेवढ्यात अण्णांना मोठी उचकी लागली. मग दुसरी.

"ही उचकी कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकरी खाल्ल्यापास्नं," अण्णा म्हणाले. "आकडा म्हणाया गेलं की मदीच येत्या. त्या मिरच्या वर येऊ लागल्यात."

डॉक्टरांनी त्यांना थंड पाणी दिलं, थोडा वेळ पडू दिलं, मान उचलून धरायला लावली, हाताची मूठ आवळायला लावली, पापण्या पुन्हा तपासल्या. ताकद सगळी जागेवर होती. उचकी थांबल्यावर अण्णांनी मोजलं. तिशीच्या पुढे गेले, आणखी पुढे गेले, आणि मग दम संपल्यावर रामूकडे बोट करून म्हणाले, "तुझ्या मिरचीनं मारलं असतं मला."

"म्हंजे तिखट हाय की?" रामू लगेच म्हणाला.

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. वॉर्डातले सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. त्या उठून बाहेर नळावर गेल्या आणि पुष्कळ वेळ तोंड धूत राहिल्या.

निघताना

रात्रभर मोजणी चालू राहिली. आकडे टिकले. सकाळी अण्णांनी चहा मागितला, चहा फिका म्हणून तक्रार केली, आणि डॉक्टरांनी त्यांना आणखी काही वेळ ठेवून मग घरी जायला सांगितलं. सूजही उतरत होती. साप पोवळा होता असं मी आजही समजते. पण सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, आणि चावताना त्याने विष सोडलं होतं की कोरडाच चावला होता, हेही मला सांगता येणार नाही. एका माणसाची सुजलेली करंगळी, एवढ्यावर कुठलंही प्रथिन ओळखू येत नाही.

दवाखान्याच्या पायरीवर मी अण्णांची माफी मागितली. त्यांनी ती उडवून लावली.

"त्यात काय? पर तुमचं काम राह्यलं की, बाई. विटांचा ढीग हाय तिथंच हाय. ह्याची जोडी असंल तर बगतो म्या."

"बगा तर खरं!" अक्का म्हणाल्या. "हात मोडून हातात दीन." त्यांनी अण्णांना गाडीत बसवलं, दार लावलं, आणि मग माझ्यापाशी आल्या. परत ओरडा खायची मी तयारी केली. पण आवाज खाली होता.

"काल लई बोलले तुमाला."

"बरोबर बोललात."

"व्हय, बरोबरच बोलले." त्यांनी पदर सारखा केला. "डॉक्टरीण बाई म्हणाल्या, तुमी खोटं सांगितलं असतं तर त्यांनी कायबी टोचलं असतं. म्हणून आता एकच सांगते. ह्या माणसाला जपायचं माज्याकडं लागलं. पर गोदामात साप निघायचा ऱ्हात न्हाय, आन् चावलेलं माणूस हितंच येणार. पुढल्या खेपेला येताना ठावं करून या."

मी हो म्हणाले. म्हणताना भीती वाटली, कारण त्या बाईपुढे दुसऱ्यांदा माहीत नाही म्हणायची माझी हिंमत होणार नाही.